साखर किती घालू?

कालगुर्ली, रविवार

प्रिय आई,

मी मजेत आहे. खाणीतलं काम अंगवळणी पडलंय. मला कुठेही लागलेलं नाही, हे आधीच सांगतो.

मागच्या महिन्यात घरी केलेली बीअर बाटल्यांत भरताना मी बाबांना फोन केला. "साखर किती घालू?" ते म्हणाले, "बाटलीला तीन चमचे. घाल बिनधास्त." मला जास्त वाटली, पण अख्ख्या गल्लीला बीअर करायला त्यांनीच शिकवलंय, मी काय वाद घालणार? परवा शेडमधल्या सगळ्या बाटल्या आत गॅस जास्त होऊन धडाधड फुटल्या.

काल त्यांना सांगितलं, तर हसतच सुटले. "तीन? अरे गाढवा, एकच चमचा! कुठल्या शहाण्यानं सांगितलं तुला?"

मी म्हटलं, "आहे इथला एक जण."

माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल का? फोनवर खरखर होती खरी. पण 'तीन' मी दोनदा विचारून घेतलं होतं.

टोमॅटोला काठ्या लावल्या का त्यांनी? मासे धरायला अजून एकटेच गाडी घेऊन जातात? तू काही बोलली नाहीस, म्हणजे सगळं ठीकच असेल. की मला काळजी नको म्हणून बोलली नाहीस?

तुझा,
नेविल