पाऊस शून्य, यंत्र बंद

बारामती
१२ डिसेंबर १९९९

प्रिय साक्षी,

तुझं २४ नोव्हेंबरचं पत्र परवा मिळालं. त्यात अकरा प्रश्न आहेत आणि अकराही कॉम्प्युटरबद्दल आहेत. उत्तरं देते आहे. लहानपणी पुस्तक हातात आलं की तू आधी शेवटचं पान वाचायचीस, तसं या पत्राचं करू नकोस. मी ज्या क्रमानं लिहिते आहे त्याच क्रमानं वाच.

जूनमध्ये तू पंधरा दिवस आलीस तेव्हाचे अण्णा आठव. जुना कॉम्प्युटर होळीच्या सुमारास जळाला होता आणि नंतरचे तीन महिने ते या खोलीतून त्या खोलीत नुसते जात होते. अंगणातलं पावसाचं मापक रोज साडेआठला बघायचे, आकडा कागदावर लिहायचे आणि तो कागद कुठे ठेवला म्हणून दिवसभर शोधायचे. तू नवा कॉम्प्युटर आणलास. त्यावरची चित्रं आणि तो माउस बघून म्हणाले, "हे कुणाचं आहे? मला माझं द्या." मग तू ते नवं सॉफ्टवेअर घातलंस, कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं, आणि जळिताून वाचलेल्या जुन्या डिस्कवरून त्या आतल्या खिडकीत त्यांचा जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा उभा केलास. काळा पडदा, मेमरीचे मोजत वर चढणारे आकडे, आणि मग निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं: इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी तू त्यांच्यासाठी लिहिलेला पावसाचा प्रोग्राम. त्यांनी ते आकडे मोठ्यानं वाचले, खुर्ची पुढे ओढली आणि शून्य टाकलं. त्या दुपारी ते पोटभर जेवले. मी तुला काही बोलले नाही. आपल्या घरात कौतुक करायची पद्धत नाही, आणि ती पद्धत मीच पाडली आहे.

तेव्हा तो आतला कॉम्प्युटर चालू राहणं म्हणजे माझ्यासाठी काय होतं ते समजून घे. तो चालू असला की अण्णा जागेवर असायचे. पाटबंधारे खात्यात इंदापूरला मोजणीदार म्हणून लागले त्या १९६५ सालापासून त्यांनी पावसाच्या नोंदीत एक दिवस नागा केलेला नाही. आपल्याकडे वर्षाचे तीनशे दिवस शून्यच. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी त्यांना म्हटलं होतं, शून्य काय रोज लिहायचं, महिन्याचं एकदम लिहा. ते म्हणाले होते, "तुम्ही बी.एस्सी. झालात ना? मग कोरडा दिवस आणि न बघितलेला दिवस यातला फरक मी तुम्हाला सांगायचा?" माझं तोंड बंद करणारे ते एकटेच.

आता बिघाड. जुलैत पहिला. सगळा पडदा निळा झाला आणि त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली. आत आणि बाहेर दोन्ही बंद. अण्णांना वाटलं त्यांचाच निळा पडदा आला. पाऊण तास ते त्या अक्षरांमध्ये आकडा टाकायची जागा शोधत बसले होते. मी गेले तेव्हा घामाघूम झाले होते आणि मला म्हणाले, "मी काहीतरी मोडलं."

स्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या विजयसिंहला बोलावलं. माझाच विद्यार्थी. बघितलं न बघितलं करून म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारू या का? सगळं स्वच्छ होतं." मी म्हटलं, बारावीच्या प्रॅक्टिकलला तू बीकर फोडून असंच स्वच्छ केलं होतंस. चहा दिला आणि घरी पाठवला. काटेवाडीचे हिंदुराव दूध घेऊन आले होते, तेही खिडकीतून डोकावले. "काय ओ मॅडम, एका डब्यात दुसरा डबा घातलाय व्हय? मग खालचा दबणारच की." तुला हसू येईल, पण विजयसिंहपेक्षा हिंदुराव जवळ होते. तुझं पत्र आलं तेव्हा तेच निघालं: एकूण मेमरी चौसष्ट आणि त्यातली अठ्ठेचाळीस आतल्याला दिलेली. बाहेरच्याला जगायला काही उरलंच नव्हतं. आतल्याला सोळा दिल्यावर ऑगस्ट आणि सप्टेंबर सुरळीत गेले.

ऑक्टोबरात पुन्हा सुरू झालं, आणि तो दोष सर्वस्वी माझा. साखर कारखान्याचं धुराडं पेटलं की आपल्याकडे काजळी कशी उतरते तुला ठाऊक आहे. दोरीवरचे कपडे, पापड, अंथरुणं, सगळ्यावर काळी तुसं. ती यंत्रात जाऊ नये म्हणून मी जाड मांजरपाटाचं कव्हर शिवलं, मागून नाडी बांधायची सोय केली आणि कॉम्प्युटर चालू असतानाही ते काढलं नाही. माझ्या प्रयोगशाळेतला प्रत्येक तराजू मी तीस वर्षं असाच झाकून ठेवला होता. पण तराजू तापत नाही. पेटीवर हात ठेवला तेव्हा चटका बसला. कव्हर काढलं, पेटी उघडून पंख्यात अडकलेला काजळीचा बोळा काढला. हे मी तुला तेव्हाच लिहिलं होतं.

प्रत्येक बिघाडानंतर तू सांगितल्याप्रमाणे आतल्या कॉम्प्युटरची राखून ठेवलेली प्रत परत घालत होते. ती प्रत दर रविवारची. म्हणजे मधल्या दिवसांचे आकडे जायचे, आणि ते रिकामे दिवस दिसले की अण्णांचा चेहरा पडायचा. "मी नागा केला का हो?" म्हणून ते चारचारदा विचारायचे. म्हणून मीही सकाळी त्यांच्या मागोमाग मापक बघू लागले. वेगळ्या वहीत आकडा ठेवायचा आणि प्रत घातली की ते यायच्या आत भरून टाकायचा. त्याच वहीच्या उजव्या पानावर बिघाडाची तारीख, वेळ आणि पडद्यावर काय होतं हे लिहीत गेले. डाव्या पानावर पाऊस शून्य, उजव्या पानावर यंत्र बंद. असा महिना गेला.

कव्हर काढल्यावरही यंत्र बंद पडत राहिलं, पण आता निळा पडदा यायचा नाही. मी जायचे तेव्हा कॉम्प्युटर नव्यानं सुरू होत असायचा आणि आतला म्हणायचा, माझी डिस्क खराब झाली आहे. लाइट जात नव्हती, कारण स्वयंपाकघरातला रेडिओ चालूच असायचा. स्टॅबिलायझर बदलला. वायरी बदलल्या. तू तिकडून तीन वेगवेगळे उपाय कळवलेस, तिन्ही केले.

मग एक दिवस भांडी घासता घासता छबूबाई म्हणाली, "बाई, रागावू नका. बटाण सायेबच दाबत्यात. म्या दोनदा बघितलं. तुमास्नी सांगायचं कसं, म्हून गप बसले." मी तिला नको ते बोलले. तुझं काम फरशी आणि भांडी, तेवढंच बघ, असं म्हणाले. बारा वर्षं ती आपल्याकडे आहे. ती पुढचं भांडं घासू लागली.

दुसऱ्या दिवशी, चार नोव्हेंबरला, मी दाराआड खुर्ची टाकून बसले. अण्णा छान बसले होते. १९७२ सालचे आकडे बघत होते, दुष्काळाचे. अकराच्या सुमारास त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले, पेनाला टोपण लावलं, खुर्ची आत सरकवली आणि त्या रिकाम्या खोलीत म्हणाले, "चला गेणू, कुलूप लावा." भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं. इंदापूरच्या ऑफिसात एकदा वायर जळून कपाट पेटलं होतं, तेव्हापासून निघताना बटण बंद केल्याशिवाय ते कधी बाहेर पडले नाहीत. गेणू तिथला शिपाई. तो जाऊनही पंधरा वर्षं झाली. अण्णा दारापर्यंत आले, मला बघितलं, परत फिरले, काळा पडदा बघितला, बटण लावलं आणि मला विचारलं, "हे कोणी बंद केलं?"

मी वही काढली. साक्षी, ती वही मी स्वतः लिहिली होती आणि तरी मला दिसलं नव्हतं. कव्हर काढल्यानंतरचे पहिले दोन बिघाड पावणेसहाचे. ऑफिस सुटायची वेळ. पुढचा साडेतीनचा. मग दोनचा. मग दुपारी बाराला. मग अकराला. त्यांचं ऑफिस दिवसेंदिवस लवकर सुटत चाललं होतं.

छबूबाईची माफी मागितली. "ऱ्हाऊ द्या बाई," ती म्हणाली, "मला तरी कुटं खरं वाटत हुतं."

वायरमनकडून ते बटण वगळून वायर थेट जोडून घेतली. आता बटण दाबलं तरी काही बंद होत नाही. मला वाटलं, सुटला प्रश्न. पण दुसऱ्याच दिवशी अण्णा बटण वरखाली करत उभे होते, पडदा काही जाईना, आणि ते ओरडत होते, "गेणू! अरे हे बंद का होत नाही? आग लागेल!" मी आत गेले, पडदा मालवला आणि म्हणाले, "जी साहेब. केलं बंद." ते लगेच शांत झाले. मला म्हणाले, "उद्या लवकर ये." त्या दिवसापासून मी रोज गेणू झाले. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. तुझी आई कुणाला जी साहेब म्हणेल असं कधी वाटलं होतं का तुला? पण ते म्हणायला मला मुळीच जड गेलं नाही. जड गेलं ते वेगळंच. साहेब म्हणून ते माझ्याशी जितक्या मायेनं बोलतात, तितक्या मायेनं आम्ही दोघं बत्तीस वर्षांत फार क्वचित बोललो असू.

त्याच आठवड्यात त्यांना पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डोक्याचा फोटो काढला. विस्मरणाचा आजार आहे, पुढेच जाणार, मागे येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मी कारण विचारलं, तर म्हणाले, कारण कळलं तरी उपाय नाही. असं उत्तर मी माझ्या विद्यार्थ्यांकडून चालवून घेतलं नसतं.

म्हणजे तुझ्या अकरा प्रश्नांचं उत्तर एकच आहे. कॉम्प्युटर ठीक आहे. चार नोव्हेंबरनंतर तो एकदाही बंद पडलेला नाही. नऊ आणि सोळा नोव्हेंबरच्या पत्रांत मी तुला जे बिघाड कळवले, ते झालेच नव्हते. मी ते बनवून लिहिले, वेळांसकट. आयुष्यभर मुलांच्या जर्नलमधले बनावट आकडे लाल शाईनं खोडणारी बाई मी. यंत्र बिघडलं असं लिहिलं की तू रात्र जागून उपाय लिहून पाठवतेस, आणि तुझं ते पाच पानी पत्र हातात घेतलं की वाटतं, अजून काहीतरी करता येण्यासारखं आहे. खरं लिहिलं असतं तर तू कुठला उपाय पाठवला असतास? रविवारी तुझा फोन आला की मी अण्णा फिरायला गेलेत म्हणायचे, तेव्हा ते माझ्यासमोरच बसलेले असायचे. या महिन्याच्या एक तारखेपासून ते कॉम्प्युटरपाशी बसलेले नाहीत. मापकही बघत नाहीत. साडेआठचं शून्य आता मी टाकते.

हे पत्र लिहायचं कारण एवढंच. नवं साल लागताना सगळीकडचे कॉम्प्युटर बंद पडतील म्हणून तुम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या रजा रद्द झाल्या, आणि ऑक्टोबरात मीच तुला लिहिलं होतं की कर्तव्य आधी, इकडची काळजी करू नकोस, उन्हाळ्यात सवडीनं ये. ते मी मागे घेते. मिळेल त्या विमानानं ये. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही, तेव्हा कसं मागायचं हेही मला नीट येत नाही. अण्णा रोज पाच वाजता चप्पल घालून फाटकाशी उभे राहतात. मी आत बोलावलं तर म्हणतात, "थांबा, साक्षी शाळेतून यायची वेळ झाली." अंधार पडेपर्यंत उभे असतात. तू दिसलीस तर ओळखतील की नाही, मी सांगू शकत नाही. पण अजून ते तुझीच वाट बघतात, आणि काल पहिल्यांदा फाटकाशी गेल्यावर त्यांनी मला विचारलं की आपण इथे कशाला आलो. मी सांगितलं. उद्याही सांगेन. किती दिवस सांगता येईल ते माहीत नाही, म्हणून ये.

तुझीच,
आई