अण्णांची सरकलेली पावली

मंगळ., ७ जाने.
फर्स्ट शिफ्ट. चाकणहून काळेवाडीला पोचायला पावणेपाच. मोरीत दोन कप. म्हणजे दत्ताभाऊ आजही येऊन गेला. सलग चौथा मंगळवार, आणि मी घरी नसतानाच.
सु. म्हणाली, "अहो, नाण्यांचा नाद आहे त्यांना. अण्णांशी तासभर बोलतात. आपल्यापैकी कोण बोलतं?"
बायकोही त्याच्याच बाजूची. दत्ताभाऊ रहाटणीचा, जुन्या गावातला माणूस. जमीन विकून दोन बिल्डिंगा बांधल्यात म्हणे. त्याला माझ्या रिटायर्ड कंडक्टर वडिलांच्या चार आण्यांत काय रस?

गुरु., ९ जाने.
सुट्टी. अण्णांचा अल्बम काढला. तीस वर्षं बसवर होते. चित्राची पावली पिशवीत आली की खिशातली साधी पावली टाकून ती बाजूला ठेवायचे. ब्याऐंशीच्या एशियाड खेळांची, अन्न दिनाची, झाडाची. आता नीट दिसत नाही, बोटांनी ओळखतात.
सगळ्यांचे दोन्हीकडून फोटो काढले. अण्णांना थाप मारली, विम्याला लागतात.
एशियाडची एक सरकलेली आहे. छाप मधोमध बसलेला नाही. एका कडेला कोरी चंद्रकोर, दुसरीकडे अक्षरं कापलेली. इन्स्पेक्शनला माझ्या हातात असला पीस आला तर थेट रिजेक्टच्या लाल ट्रेमध्ये. मोबाइलवर पाहिलं तर उलटंच. बाकीच्या पावल्यांना फार कुणी विचारत नाही, चुकीच्या छापासाठी मात्र लोक जीव टाकतात.
दत्ताभाऊला हे माहीत असणारच.

मंगळ., १४ जाने.
संक्रांत. दत्ताभाऊ तिळगूळ देऊन गेला.
अल्बम उघडला. सरकलेली नाही. कप्पा रिकामाही नाही. तिथे दुसरी एशियाड, सरळ छापाची. फोटोशी तीनदा ताडून पाहिलं. आंधळ्या म्हाताऱ्याला काय कळतंय, असंच ना?
अण्णांना आज काही विचारलं नाही. सण होता.

गुरु., १६ जाने.
विचारलं.
"मीच दिली," अण्णा. "कप्प्यात दुसरी साधी ठेवली."
"किती घेतले?"
"घेतो कशाला? त्याच्या आईची होती."
मग सगळं सांगितलं. दत्ताभाऊची आई भाजीची पाटी घेऊन रहाटणीहून पिंपरीला यायची. ती वाकडी पावली खोटी म्हणून कुणी घेईना. एकदा जवळ दुसरं काहीच नव्हतं, तिकिटाला तीच दिली. कंडक्टरने निमूट घेतली. मरेपर्यंत म्हणायची म्हणे, त्या माणसानं चार लोकांत हिणवलं नाही मला. सांगताना अण्णांच्या डोळ्यांना पाणी. आई गेली तेव्हासुद्धा मी ते पाहिलं नव्हतं.
"अण्णा, ही गोष्ट आधी कोणी काढली? तुम्ही की त्यानं?"
"निघाली बोलता बोलता."
तिथेच अडलंय. अण्णांनी आपणहून सांगितलं असेल, एक भाजीवाली होती, पावली खोटी म्हणत होते... तर पुढे 'ती माझी आई' एवढंच जोडायचं.

रवि., १९ जाने.
थेरगावला एका मंगल कार्यालयात नाणीवाल्यांचा मेळावा. भोसरीच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला फोटो दाखवला. भिंग लावून बघत राहिला.
"छान होती. घासली न्हाई कुणी. विकली?"
"एक जण घेऊन गेला. आईची आठवण म्हणून."
त्याने भिंग खाली ठेवलं. "आमच्याकडच्या एका मास्तरांकडनं पण असंच नेलं कुणीतरी. तवा आई दूध घालायची म्हणत होता."
"दिसायला कसा?"
"पांढरा शर्ट. बोलायला गोड."
अर्धी रहाटणी तशी दिसते.

मंगळ., २१ जाने.
रजा टाकली. अकराला आला. दचकला नाही.
"आज कंपनी न्हाई व्हय, संजूभाऊ?"
पावली बघायची म्हटलं.
"देव्हाऱ्यात ठेवलीया, आईच्या फोटोम्होरं. या की. पर आठवडाभर थांबा, घराला रंग चाललाय."
आई कुठे उतरायची, किती वाजताची बस, सगळं विचारलं. सगळं बरोबर सांगितलं. पण आपल्या बसचे थांबे आणि वेळा तर अण्णा शेजाऱ्यांनाही सांगतात.
तो गेल्यावर अण्णा म्हणाले, "पोलिसासारखा बोललास." जेवले नाहीत.

शुक्र., २४ जाने.
शिफ्ट सुटल्यावर रहाटणी. घर सापडलं. बाहेर परांची, रंगाचे डबे. म्हणजे रंगाचं खरं. तो नव्हता, बायको फाटकात आली.
"व्हय, आमच्या सासूबाई भाजी इकायच्या."
हेही खरं.
"आणि ती जुनी पावली?"
"कसली पावली? मला न्हाई ठावं."
गाडी काढली. प्रत्येक गोष्ट बायकोला सांगतो असा नवरा कुठे असतो? मी तरी सांगतो का?

सोम., २७ जाने.
सांगितलं. सु.ला, सगळं. थेरगावला भेटलेल्या व्यापाऱ्याचंही.
ती कणीक मळत होती, हात थांबले. "अण्णांना सांगणार?"
"सांगायला नको?"
"महिनाभर झाला, सकाळी स्वतःहून दाढी करतात. ते बघितलंत का?"
नव्हतं बघितलं.
अण्णांनी झाडाची पावली काढून ठेवलीय. "दत्ताच्या आईनं आंबा लावला होता दारात. ही पण त्याला देऊ."

मंगळ., २८ जाने.
पुन्हा रजा. सुपरवायझरचं तोंड वाकडं.
अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून दाराकडे तोंड करून बसलेले. तो आला. अण्णांनी पावली पुढे केली. दत्ताभाऊने पावलीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.
"असू द्या अण्णा. ती तुमच्याकडंच शोभती."
चहा घेतला, आंब्याचं बोलला. जाताना मला म्हणाला, "रंग झाला. रविवारी या, दावतो तुमाला."
मी समोर बसलो नसतो तर घेतली असती?
तो जिना उतरून गेल्यावर अण्णांना म्हटलं, रविवारी जाऊन येतो. अण्णा झाडाच्या पावलीवरून अंगठा फिरवत होते.
"जा. पण आल्यावर मला काही सांगू नकोस."