एरॉलच्या गोळ्या

८ ऑक्टोबर

ॲन्सेल्मभावोजींचा हृदयातला स्टेंट बंद पडला! बसवून महिनाही झाला नव्हता. जेवताना छातीत कळ आली, तसंच विरारला नेलं. वाचले, देवाची कृपा. आणि बाहेर बाकावर सासूबाईंचं ज्युलीला सुरू — गोळ्या वेळेवर दिल्यास का गं? बिचारी रडायलाच लागली. ती नवऱ्याला गोळी गिळायला लावून वर जीभ दाखवायला सांगते! माझं डोकंच फिरलं. माझा एरॉल असाच गेला तेव्हा हेच मला ऐकवलं होतं. सहा वर्षं ऐकतेय.

९ ऑक्टोबर

भावोजींच्या डॉक्टरचं नाव पूर्वी. तिशीची असेल, पण काय मुलगी आहे! गोळ्या चुकवल्या असतील असं धरून चालली नाही. ज्युलीचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, घरात आणखी कुणाला असं झालं होतं का? मीच बोलले — यांच्या थोरल्या भावाला, माझ्या नवऱ्याला. त्यालाही स्टेंट, हीच गोळी. तिने लगेच गोळी बदलली. जनुकांच्या तपासणीला रक्तही पाठवलं.

१७ ऑक्टोबर

रिपोर्ट आला. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून देतात ती गोळी नुसती पोटात जाऊन भागत नाही, यकृताने तिला आधी कामाला लावावं लागतं. भावोजींच्या यकृताला ते जमतच नाही — जन्मापासून! असे पुष्कळ असतात म्हणे. डॉक्टरने आम्हाला समजेपर्यंत समजावलं, घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही. एरॉलचंही असंच असेल का, मी विचारलं.

"आता खात्रीने नाही सांगता येणार. पण सख्खे भाऊ — शक्य आहे."

सासूबाई शेजारीच होत्या. सगळं ऐकत होत्या.

२५ ऑक्टोबर

भावोजी केळीच्या वाडीत फेरी मारून आले. नवी गोळी मानवली. ज्युली अजून जीभ बघतेच!

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. एरॉलच्या थडग्यावर पहिली मेणबत्ती सासूबाई लावतात, मी मागे उभी — दरवर्षीचं ठरलेलं. आज त्यांनी मेणबत्ती माझ्या हातात दिली, अख्ख्या गावासमोर. मग थडग्याकडे बघून म्हणाल्या, "एरॉल, हिने दिल्या होत्या रे गोळ्या."