चोवीस बिटांचा सूड

३ मार्च, रविवार, संध्याकाळी सहा

पाच वाजल्यापासून बसलोय. एकही माणूस आलेला नाही.

नऊ वर्षं दर रविवारी पाचला आख्खं सासर माझ्या हॉलमध्ये गाणी ऐकायला जमतं. स्टीरिओ माझा, निवड माझी, शिस्त माझी. आज सगळे साडूकडे. हो, तोच, लिफ्ट दुरुस्त करणारा. लिफ्टमध्ये जे वाजतं त्यापलीकडे ज्याला संगीत ठाऊक नाही, तो! सासरे तिकडे, आमची कन्या तिकडे. मेहुणीचं तर घरच ते. ही म्हणाली, जरा बघून येते काय आहे ते. अजून बघतेच आहे.

गेल्या रविवारी चारचौघांत साडू म्हणाला होता, दादा, तुमच्याकडचा आवाज चांगला आहे, पण मजा येत नाही. खोकायचीसुद्धा भीती वाटते. तेव्हा मी हसलो. आता हसणार नाही. या माणसाला नाक घासत माझ्या सोफ्यावर आणीन, तरच नावाचा.

४ मार्च, सोमवार, दुकानात

गिऱ्हाईक नाही. शांतपणे विचार केला. मजा येत नाही म्हणजे नेमकं काय? मी चष्मे विकतो, मला हे कळतं. समोरचं धूसर दिसलं की माणूस कंटाळतो. माझी गाणी धूसर आहेत. मोबाइलवरच्या फुकट ॲपमधून स्टीरिओवर लावतो, ती दाबून चपटी केलेली असतात. थोडक्यात, नंबर चुकलाय. खोकण्याचा मुद्दा गौण.

उपाय सापडला. हाय-रेझोल्यूशन स्ट्रीमिंग, म्हणजे न दाबलेली गाणी. चोवीस बिट! अशा तीन सर्व्हिसेस आहेत आणि तिन्ही पहिला महिना फुकट देतात. तिन्ही तपासणार, उत्तम ती घेणार आणि मग साडूला बोलावून त्याचं पितळ उघडं पाडणार. ठरलं म्हणजे ठरलं.

७ मार्च, गुरुवार

पहिली सर्व्हिस. गाणं हाय-रेझ असेल तर स्क्रीनवर सोनेरी शिक्का येतो. आपली जुनी गाणी आहेत, पण बिनशिक्क्याची. शिक्का कशाला, तर पाण्याच्या खळखळाटाला आणि एका परदेशी पियानोवाल्याला. पियानोवाला बसताना त्याची खुर्ची करकरते. इतकी स्पष्ट, की आपणच उठून त्याला दुसरी द्यावी! परत परत ऐकली. कन्येला बोलावून ऐकवली. ती म्हणाली, बाबा, आपली डायनिंगची खुर्ची हे रोज करते, तिला कुठे शिक्का आहे?

साडूकडे जायला लागल्यापासून पोरीची जीभ सुटली आहे. त्याच्या नावावर हेही लिहून ठेवलं.

१० मार्च, रविवार, दुपारी चार

हिची शास्त्रशुद्ध चाचणी घेतली. दुकानातून नंबर तपासायची फ्रेम आणली आणि दोन्ही डोळ्यांवर काळ्या चकत्या बसवल्या, म्हणजे स्क्रीन दिसायला नको. सोफ्याच्या बरोबर मधे बसवलं. शिक्का असलेलं एक नवं गाणं सापडलं होतं, तेच एकदा साधं लावलं, एकदा हाय-रेझ. पहिलं स्पष्ट की दुसरं? ही म्हणाली, सारखंच. परत लावलं. पहिलं की दुसरं? अहो, सारखंच!

दुकानात गिऱ्हाईक ‘दोन्ही सारखंच’ म्हणालं की नंबर बरोबर आला, आता भिंगं बदलणं थांबवायचं, असा नियम आहे. पण डोळे वेगळे, कान वेगळे. तिसऱ्यांदा लावलं, तर ही बरोबरीने गुणगुणायला लागली. हिची जुनी खोड. स्टीरिओ आला त्याच वर्षी मोडून काढली होती, पुन्हा डोकं वर काढतेय. चाचणी बाद, असं स्पष्ट सांगितलं.

हिने फ्रेम काढून माझ्या हातात दिली, पर्स उचलली आणि साडूकडे गेली.

१३ मार्च, बुधवार

गाण्यातल्या हळुवार जागी फ्रिजची घरघर मधे येते. काल फ्रिज बंद केला. वा! गाणं असं काही उघडलं म्हणता!

फ्रिज परत चालू करायचा राहिला. सकाळी दूध नासलं, भाज्यांनी माना टाकल्या. ही जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. मूळ दोष साडूचा. तो नसता तर फ्रिज चालू असता.

१७ मार्च, रविवार

शत्रूकडे आहे तरी काय, हे काढायचं ठरवलं. मी स्वतः जाणार नाही. मेलो तरी त्याचा उंबरा ओलांडणार नाही. ही परत आल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, त्याच्याकडे सिस्टिम कुठली? ही म्हणाली, मला काय कळतं त्यातलं, स्टीलचं आहे काहीतरी. मोठं आहे? म्हणाली, मध्यम. कन्या तोंडावर हात दाबून आतल्या खोलीत पळाली.

स्टील बॉडी! म्हणजे साधंसुधं काम नाही. भारीतले अँप्लिफायर असेच जड पेटीत येतात. हा लिफ्टवाला इतका पुढे गेला आणि मला सुगावा नाही? जेवण गेलं नाही. ठीक आहे. शत्रू जितका मोठा, तितका सूड गोड.

२० मार्च, बुधवार

दुसरी सर्व्हिस. ॲप भारी नाठाळ, गाणं अर्ध्यात सोडून देतं. त्यांच्या मदत केंद्राशी चॅट केलं. तिथल्या बाईंनी विचारलं, सर, तुम्ही ब्लूटूथवर ऐकताय का? म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, मग हाय-रेझ तुमच्या स्टीरिओपर्यंत पोचतच नाही, वाटेतच दाबलं जातं, वायर लावा.

म्हणजे पहिल्या सर्व्हिसची ती सगळी तपासणी... असो. खुर्चीची करकर मी ऐकली आहे. त्यावर वाद नको.

हॉलभर वायर टाकली. सासरे चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला आले, वायरीत अडकले ते थेट सोफ्यावर, बरोबर मधोमध. तिथेच डोळा लागला त्यांचा. उठल्यावर म्हणाले, जावईबापू, तुमच्याकडे शांत वाटतं बुवा. मग हळूच म्हणाले, रविवारी या की तिकडे, सगळे आठवण काढतात तुमची.

मी काही दूधखुळा नाही. सासऱ्यांना पुढे करून साडूने लावलेला सापळा आहे हा.

२४ मार्च, रविवार, सव्वासहा

तिसरी सर्व्हिस. हीच! संपला शोध.

आमचं लग्न ठरलं त्या सुमाराला गाजलेलं एक गाणं आहे. ते सापडलं, सोनेरी शिक्क्यासकट. वायर लावली, पंखा बंद, खिडक्या बंद. पहिल्या ओळीच्या आधी गाणारी बाई श्वास घेते. तो श्वास मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. अंगावर काटा आला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, लिहायला लाज कसली. तसाच ओरडलो, अगं ये, ऐक, ऐक हे!

घरात कोणी नव्हतं. रविवार आहे, विसरलोच होतो.

गाणं पुन्हा लावलं. या खेपेला तो श्वास तेवढा जाणवला नाही. घामामुळे असेल. पुढच्या रविवारी सोक्षमोक्ष.

२६ मार्च, मंगळवार

सासरच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं. रविवारी पाच वाजता, माझ्याकडे. सोबत नियम: मोबाइल बंद, बोलणं नाही, बांगड्या काढून ठेवाव्यात, खोकला असेल त्याने आधी गोळी घ्यावी. साडूने लगेच लिहिलं, येतो दादा, नक्की येतो.

बळी आपल्या पायाने येतोय.

३० मार्च, शनिवार

जय्यत तयारी. साडू हार मानेल तेव्हा माझा चेहरा कसा असावा, याची आरशासमोर प्रॅक्टिस केली. किंचित हसू, भुवया स्थिर, थोडी कीव. दाढी करताना बरा जमला. ही दारात उभी राहून बघत होती. पोटात दुखतंय का, म्हणून विचारलं.

३१ मार्च, रविवार, सहा वाजता

जिंकलो!

सगळे आले, वेळेवर. साडूला मधली जागा दिली. लग्नाच्या वेळचं ते गाणं लावलं. कोणी हाललं नाही. मेहुणीला ठसका लागला तर तिने उशीत तोंड खुपसलं. हीसुद्धा ओठ घट्ट मिटून बसली होती. गाणं संपल्यावर साडू उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, दादा, हरलो. असा आवाज मी जन्मात ऐकला नाही. माझ्याकडचं याच्या पासंगालाही पुरणार नाही.

अगदी हेच शब्द. मी ठरलेला चेहरा केला.

मग तो म्हणाला, चला, आता आमच्याकडे जाऊया, दादा, तुम्ही पण या. आणि सगळे भराभर चपला घालायला लागले. जिन्यात पोचायच्या आधीच हसायला लागले. ही दारात थांबली, येताय का म्हणाली. मी म्हटलं, जेत्याने जायचं नसतं. ती गेली.

पुन्हा लावलं गाणं. उत्तम वाजतंय. मधल्या जागेवर बसलोय. साडू हरला, सगळ्यांसमक्ष हरला, आणखी काय हवं माणसाला?

३१ मार्च, घरी परतल्यावर

गेलो होतो. केवळ ते स्टीलचं अँप्लिफायर तपासायला.

दार उघडंच होतं. आत ही गर्दी. डायनिंग टेबलावर एक पातेलं. मध्यम, स्टीलचं. त्यात साडूचा मोबाइल उभा करून ठेवलेला. सिस्टिम म्हणजे ती. बाकी काही नाही, मी पडद्यामागेसुद्धा बघितलं! मोबाइलवर तेच मघाचं गाणं लागलेलं, पण ऐकतंय कोण? सगळे बेसूर गात होते. सासरे एका ओळीने मागे, मेहुणी टेबलावर चमच्याने ताल देतेय, साडू शब्द विसरला की नुसता आ करून उभा.

आणि ही गात होती. डोळे मिटून, मोठ्याने, सुरात. हिला पाहायला गेलो तेव्हा हे गाणं म्हणाली होती ही. त्याच वेळी मी होकार ठरवून टाकला होता. ही गाते हे मी पार विसरलो होतो. नऊ वर्षं दर रविवारी ही माझ्या हॉलमध्ये ओठ मिटून बसली होती आणि मी बाकीच्यांचे श्वास मोजत होतो.

मला साडूचा राग यायला हवा होता. आला नाही. साडूने माझ्याकडे खुर्ची सरकवली. कन्येने हातात झाकण दिलं, म्हणाली, बाबा, वाजवा. वाजवलं.

गाणं संपल्यावर मात्र राहवलं नाही. म्हटलं, स्टीलमध्ये आवाज फार टणटणतो, पितळेचं पातेलं हवं. सगळे हसले. हसू देत. पुढच्या रविवारी कळेल.

३ एप्रिल, बुधवार

तिसरी सर्व्हिस तूर्त स्थगित. भांड्यांच्या दुकानात गेलो. मोबाइलवर गाणं लावून एकेका पितळेच्या पातेल्यात ठेवून पाहिलं. शेवटी दोन उरली. दुकानदाराला विचारलं, पहिलं की दुसरं? तो म्हणाला, साहेब, दोन्हीतून दूध सारखंच उतू जातं. असल्या माणसांशी काय बोलायचं! दुसरं घेतलं. आत कल्हई, बाहेरून जड, आवाज गोल. रविवारी हे साडूच्या टेबलावर आदळणार. स्टीलवाल्या, तुझे दिवस भरले!

पातेलं घरी ठेवून चष्म्याच्या दुकानात गेलो होतो. संध्याकाळी परत आलो, तर हिने त्यात दूध तापत ठेवलं होतं. सूड घ्यायचं भांडं आहे ते, असं सांगायला स्वयंपाकघरात गेलो. ही पाठमोरी उभी राहून गात होती.

दारातच थांबलो. दूध उतू जायला आलेलं दिसत होतं. उतू जाऊ दिलं.