मागचं दार, पुढचं दार

८ सप्टेंबर
आजपासून नाटक सुरू! पावणेसहाला लेकीला, ओपलला उठवलं. एल्डर स्ट्रीट ओलांडला आणि मागच्या गल्लीतून वर्डेल आत्याच्या स्वयंपाकघरात शिरलो. साडेसातला ओपल पाठीला दप्तर लावून पुढच्या दारातून बाहेर — जणू जन्मापासून तिथेच राहते! आत्या दारात उभी राहून ओरडली, "शाळा सुटली की सरळ घरी ये गं बाळ!" समोरच्या बाईंना ऐकू जायला हवं ना.

आमचं घर रस्त्याच्या अलीकडे, आत्याचं पलीकडे, म्हणजे हाइट्समध्ये. शाळेला पैसा मिळतो घरपट्टीतून. म्हणून मोठ्या घरांची मोठी शाळा, आणि ती फक्त तिथे राहणाऱ्या मुलांना. अलीकडे घरं आणि शाळा दोन्ही गळतात.

९ सप्टेंबर
ओपल म्हणते, "आई, इथे दोन नर्स आहेत! कुणी आजारी नसलं तरी!" जुन्या शाळेत एक होती, गुरुवारी यायची. पोरं बुधवारीच आजारी पडायची.

मी त्याच हाइट्सच्या शाळेत सहा वर्षं जेवण वाढतेय. माझ्या हातचं चालतं त्यांना. माझा पत्ता तेवढा चालत नाही.

२१ सप्टेंबर
आत्याच्या घरासमोर राखाडी गाडी. आत माणूस, मांडीवर कॅमेरा. कोण मूल खरंच हाइट्समध्ये राहतं ते तपासायला शाळेने नेमलाय — मिस्टर प्रुइट. आत्या त्याला कॉफी आणि मक्याचा पाव देऊन आली. मी कपाळावर हात मारला. "अगं, आपल्यासाठीच बसलाय ना बिचारा सकाळपासून!" म्हणाली.

२ ऑक्टोबर
दोन्हीकडच्या शाळा एक कराव्यात का, यावर हाइट्सच्या शाळेत सभा. मी कॉफी ओतायला. "आम्हाला सगळीच मुलं प्रिय आहेत, पण —" तीन तास नुसतं पण! एका बाईंना विषमतेचं बोलताना रडू आलं. डोळे पुसून त्यांनी विचारलं, घरांचे भाव उतरतील का? एक गृहस्थ आमच्या शाळेला जुने संगणक द्यायला तयार झाले. टाळ्या! शेवटी समिती नेमली. अहवाल दोन वर्षांनी. तोवर ओपल सातवीत.

९ ऑक्टोबर
प्रुइटने आत्याचं दार वाजवलं. मागचं! अकरा दिवसांचे सकाळचे फोटो — मी, ओपल, गल्ली. एकात माझ्या डोक्याला कर्लर.

"बाई, नियम मी केलेले नाहीत," म्हणाला. चांगला माणूस आहे, हेच अवघड. म्हणाला, एक मार्ग आहे. कोर्टातून आत्याला ओपलची पालक करायचं. मग ओपल इथली, कायमची. "पण मग ती रोज इथेच झोपली पाहिजे. मी बघत राहणार." महिनाअखेरपर्यंत मुदत. नाहीतर नाव कमी.

म्हणजे पोरीला आईच नसली की काही अडचण नाही.

१० ऑक्टोबर
नाही. सही करणार नाही!

१४ ऑक्टोबर
ओपलने नव्या शाळेच्या लायब्ररीची पुस्तकं परत करून टाकली. आत्या आणि मी बोलत होतो ते ऐकलं असणार. "मी जुन्या शाळेत जाईन, आई. तीच जास्त आवडते मला." चेहरा अगदी सरळ. दहा वर्षांची पोर इतकं सफाईने खोटं बोलते — शिकवणारी मीच.

बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

२९ ऑक्टोबर
न्यायाधीशबाईंनी विचारलं, "मुलीला सांभाळायला तुम्ही असमर्थ आहात?"
"हो," म्हणाले.
पुन्हा विचारलं. पुन्हा हो म्हणाले. आत्या खाली मान घालून बसली होती.

८ नोव्हेंबर
रविवार. आज पहिल्यांदाच पुढच्या दाराने गेले. बेल वाजवली. ओपलने दार उघडलं, बाजूला झाली.
"ये ना आई, बस. काही घेणार?"