सुटलेला सा

प्रिय प्रणाली,

अमरावतीला सुखरूप पोचले. मूर्तिजापूरपर्यंत बसमध्ये उभी होते आणि उभ्या उभ्या तुझ्यावर जळत होते. तू म्हणशील, त्यात नवीन काय? खरंच काही नाही.

माणिकबाईंच्या पेटीच्या क्लासात मी शहाणी आणि तू वाया गेलेली, हे ठरलेलंच होतं. "काहून वं पोरी, तुहा सा पुन्हा कुठी गेला?" हे तू रोज ऐकायचीस. माझा सा मात्र कधी हलला नाही, आणि तोच आता माझ्या मुळावर आलाय. कुलदीपच्या जॅझ बँडमध्ये खालचे साथीचे कॉर्ड सारखे बदलतात. आपणही त्यांच्यासोबत सरकत, सुचेल ते तिथल्या तिथे वाजवायचं. सगळे पुढे निघून जातात, मी आपली जुनाच सा धरून बसते. घरून बसवून नेलेले तुकडे वाजवले की कुलदीप म्हणतो, "हे तं पाठांतर झालं, रागिणी." मेलं मला सुचत का नाही?

आणि तू! रविवारी तालमीत कीबोर्डवर तुझं बोट भलत्याच पट्टीवर पडलं. मी मनात म्हटलं, बरी सापडली. तर तू तोच चुकीचा सूर पुन्हा वाजवलास, आणखी एकदा वाजवलास, हसत, आणि तिथूनच अशी वर चढलीस की ड्रमवरचा अश्विन तुझ्याकडे बघतच राहिला. इतकं सुंदर होतं गं, की मला सहनच झालं नाही. कार्यक्रमात कीबोर्डवर एकच जण, आणि ती तूच, हे तेव्हाच ठरलं. मी गॅलरीत जाऊन रडले. ते तू पाहिलंस, हे मला ठाऊक नव्हतं.

काल कुलदीपचा फोन आला. "प्रणाली शनिवारच्या कार्यक्रमाले नाही म्हनून राहिली. तिच्या जागी तू वाजवशीन काय?" मी आनंदानं उडीच मारली. मग विचारलं, ती का नाही म्हणते? त्याच्या पोटात काही राहत नाही. "रागिणीले द्या म्हने, तिच्या जिवाले लागलं."

लागलंच आहे. पण तुझ्या दयेची खुर्ची मला नको, प्रणाली. मी कुलदीपला नाही म्हणून कळवलंय. आता तुलाच वाजवावं लागेल, म्हणून हे पत्र. शनिवारी मी अकोल्याला येते. पहिल्या रांगेत बसून तुझ्यावर पोटभर जळणार आहे. तेवढं तरी माझं माझ्यापाशी राहू दे.

तुझीच जळकुकडी,
रागिणी