खिळ्यावरच्या चिठ्ठ्या

सोम. २ ऑगस्ट ९९
फळीवर आणखी सहा खिळे ठोकले. गल्लीतल्या किल्ल्यांची फळी. ज्याचं घर बंद त्याची किल्ली माझ्याकडे, आणि घरातलं जे माणूस आधी परतेल ते येऊन घेऊन जातं. मी कुठे जाते? सकाळपासून टायपिंगच्या क्लासातच. नवे खिळे मुलींच्या ई-मेलच्या पासवर्डसाठी. पोरी आज ठेवलेला पासवर्ड उद्या विसरतात आणि "बाई, माझी पेटीच उघडत नाही" म्हणून रडकुंडीला येतात. आता प्रत्येकीची चिठ्ठी, चार घड्या, वर नाव. शेजारची लता म्हणाली, बाई, तुम्ही म्हणजे गल्लीची तिजोरीच. फुशारले. इथे खोटं कशाला लिहू.

गुरु. ५ ऑगस्ट
देवळाली प्रवऱ्याची संगीता आली. एस.टी. उशिरा, वर भिजलेली. मॉडेम दहा मिनिटं किंचाळला तेव्हा कुठे लाइन लागली. पेटी उघडली तर रिकामी. पुण्याच्या कंपनीला अर्ज करून तीन आठवडे झाले. जाहिरात मीच कापून दिली होती. कॉम्प्युटरवर टायपिंग, मुलींचं वसतिगृह जवळ. इतकी वर्षं शिकवते आहे, पण सं. सारखी बोटं दोनदाच पाहिली, त्यातली एक लग्नानंतर चुलीपाशी गेली.
जाताना म्हणाली, "बाई, घरी पाहुने यायचेत म्हनत्यात, मला बघायला. त्याआधी पुन्याचं आलं तर बरं हुईल." मी म्हटलं येईल गं. जीव तिचा टांगणीला, आणि बोलायला माझं काय जातंय.

शनि. ७ ऑगस्ट
लताचे जावई पुण्याहून आले, मोबाईल घेऊन. इथे श्रीरामपुरात त्याला रेंज नाही. मग स्वारी गच्चीवर, हात वर करून, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. शेवटी कुठेतरी एक काडी लागली म्हणे, आणि तिथून मोठमोठ्याने भावाशी भांडण. जमिनीच्या वाटणीपासून मेहुणीच्या डोहाळजेवणापर्यंत सगळं गल्लीने ऐकलं. खाली आल्यावर मला सांगतात, "मावशी, ह्याला कोड असतो. दुसऱ्याच्या हाती पडला तरी उघडत नाही." बरं बाबा.

मंगळ. १० ऑगस्ट
सं.चा थोरला भाऊ दत्तू आला. टेम्पो चालवतो, ऊस नाहीतर कांदे. लाजाळू मुलगा, चप्पल बाहेर काढून आत आला. "बाई, संगीचं ते पत्राचं बघायचं हुतं. तिनंच धाडलंय." खिळ्यावरची चिठ्ठी काढून दिली. घरचंच माणूस. लाइनही लगेच लागली, नेमकी.
अर्धा तास एका बोटाने टकटक. मध्ये विचारलं, येता येणार नाही, लग्न ठरलंय, हे इंग्रजीत कसं म्हणायचं? मला वाटलं कुणा मित्राला लिहितोय. सांगितलं, आय कॅनॉट कम, माय मॅरेज इज फिक्स्ड. स्पेलिंगही सांगितलं. पूर्णविरामानंतर दोनदा स्पेस दे म्हटलं, मजकूर छान दिसतो. पाया पडून गेला. चहा राहिलाच.

गुरु. १२ ऑगस्ट
काय लिहू.
सं. ने पेटी उघडली. पुण्याचं बोलावणं ९ तारखेलाच येऊन पडलेलं. चोवीसला मुलाखत. आणि पाठवलेल्या पत्रांत तिच्या नावाने उत्तर, मी येऊ शकत नाही, माझं लग्न ठरलं आहे.
ते तिने वरपासून खालपर्यंत वाचलं. मग विचारलं, "बाई, हे तुमी लिहिलं?"
मी? मी कशाला लिहीन?
"घरात कुनाला असलं इंग्रजी येत न्हाई. एक चूक न्हाई ह्यात. आन् फुलस्टॉपफुडं दोन स्पेस हाईत."
तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दत्तूचं सगळं सांगितलं. चिठ्ठी मी दिली, वाक्य मी दिलं, स्पेससुद्धा मी. तिने पेटी बंद केली. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "ठरलंय कुठं? अजून बघाया सुदिक आलं न्हाईत." आणि छत्री विसरून गेली.

शुक्र. १३ ऑगस्ट
जेवण गेलं नाही. कप्पाळ माझं. एवढी अक्कल शिकवते जगाला, "मुलींनो, पासवर्ड कुणाला सांगू नका", वहीत लिहूनही देते. आणि मीच त्या चिठ्ठ्या दाराजवळ टांगल्या, कुणीही येऊन मागाव्यात म्हणून.
खरं म्हणजे दत्तूने चोरी केली नाही. मागितली, मी दिली. घराची किल्ली घरातल्या कुणाचीही असते, ते बरोबरच आहे. लताची किल्ली तिच्या सासूला दिली तर लता काही म्हणणार नाही. पण सं.ची पेटी सं.च्या घरच्यांची नव्हतीच. ती एकटीची होती. एकटीचं असं काही असतं हे डोक्यातच आलं नाही, आणि मी जन्मभर एकटी राहिलेली बाई!

शनि. १४ ऑगस्ट
सगळ्या चिठ्ठ्या ज्यांच्या त्यांना परत. म्हटलं, नवे पासवर्ड ठेवा, मला सांगू नका. एकीने तोंड वाकडं केलं, "राहू द्या की तुमच्यापाशी, मी विसरते." म्हटलं, विसर. पण माझ्यापाशी नको.
पुण्याच्या कंपनीला लिहायला बसले. ते उत्तर तिचं नाही, चूक माझी, मुलीला आणखी एक संधी द्यावी. सुरेख पत्र झालं. पाठवायला बोट ठेवलं आणि थांबले. पुन्हा तेच की! तिच्या वतीने, तिला न विचारता. मसुदा टेबलाच्या खणात ठेवला. सोमवारी विचारू.

सोम. १६ ऑगस्ट
आली नाही. तिची छत्री कोपऱ्यात तशीच.

मंगळ. १७ ऑगस्ट
सात दिवस उरले. दोनदा वाटलं, पाठवून मोकळं व्हावं, मागून रागावली तर रागावली. मसुदा खणातून काढला, परत ठेवला. लताला सांगितलं तर म्हणते, "भलं करायला कुणी परवानगी मागतं का?" मागील आठवड्यात मीही हेच म्हटलं असतं.

गुरु. १९ ऑगस्ट
आली! छत्री न्यायला आले म्हणाली. मसुदा पुढे ठेवला. उभ्यानेच वाचला. एका ओळीवर बोट, "हे 'गरीब घरातली' काढा." काढलं. "आता धाडा." धाडलं.
मग दत्तूला माहीत असलेला जुना पासवर्ड बदलायला बसली. मी भिंतीकडे तोंड केलं, अगदी शहाण्यासारखं. पण कान कुठे न्यायचे? आयुष्य टकटक ऐकण्यात गेलंय. कोण कुठल्या बोटाने दाबतं ते पाठमोरी सांगते मी. नको नको म्हणत मोजलंच. राहवेना. म्हटलं, "संगीता, नऊ अक्षरं झाली. शेवटचं डाव्या करंगळीचं, म्हणजे ए. बदल." ती आ वासून बघत राहिली आणि फिसकन हसली. या दिवसांत पहिल्यांदा. "आवं बाई, तुमच्यापुढं तर काय बोलायची सोयच न्हाई!"
मी उठून बाहेरच्या खोलीत गेले, सगळ्यात थोराड जुन्या टाइपरायटर मशीनवर बसले आणि ए-एस-डी-एफ-जी बडवत सुटले. आतून हाक आली तेव्हाच थांबले. आत काय झालं मला माहीत नाही. फार बरं वाटलं.
निघताना म्हणाली, रविवारी पाहुणे येणार. उत्तर आलं तर निरोप द्या, घरून आता सारखं सोडत नाहीत. माफ केलं का ते विचारायचं होतं. धीर झाला नाही.

मंगळ. २४ ऑगस्ट
मुलाखतीचा दिवस. गेला. माझी पेटी चारदा पाहिली, काही नाही. दुपारनंतर फोनची लाइनच मेली.

गुरु. २६ ऑगस्ट
पौर्णिमा. विहारात गेले. पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलापाशी अडखळले. आपल्याला दिलेलं नाही ते घ्यायचं नाही, हे वडिलांनी, अण्णांनी, लहानपणी शिकवलं, तेव्हापासून पाळलं. कुणाचा कागद घेतला नाही. पण जे आपलं नव्हतं ते उचलून दुसऱ्याला दिलं तर ते कुठे बसतं? घरी येताना गल्लीत सगळ्या पोरांच्या मनगटांवर राख्या.

शुक्र. २७ ऑगस्ट
दत्तू आला. दारातच उभा. मी म्हटलं, आता काय हवंय? माझा आवाज चढलाच होता. त्याने हात पुढे केला. मोकळं मनगट.
"संगीनं राखी बांधली न्हाई, बाई. बोलत बी न्हाई. ताट वाढती आन् निघून जाती."
मग जे झालं ते ऐकवलं त्याला, मनसोक्त. तिच्या नावाने खोटं लिहिलंस, तिच्यापासून लपवलंस, आणि मला त्यात गोवलंस. खाली मान. मग म्हणाला, "मी वाईट केलं, व्हय. पन मला भ्या वाटलं. पुन्यात मी टेम्पो घेऊन जातो, मला म्हाईत हाय तिथं माणूस माणसाला वळखत न्हाई. तिला काय झालं तर कुनाला सांगायचं? कोन किल्ली ठिवून घेनार तिची?"
राग होता, तो कुठे गेला कोण जाणे. बस म्हटलं, चहा टाकला. पाहुण्यांचं विचारलं तर 'कळवतो' म्हणून गेलेत. एवढा धिप्पाड गडी, आणि दोन वेळा नाक पुसलं. म्हटलं, मलाही तिने अजून माफ केलेलं नाही. आपण दोघे एकाच रांगेत.

मंगळ. ३१ ऑगस्ट
लाइन आली. माझ्या पेटीत पुण्याचं उत्तर. दोनच ओळी, आपलं पत्र मिळालं, आम्ही उमेदवाराला तिच्या ई-मेलवर स्वतंत्र कळवलं आहे.
म्हणजे काय कळवलं? ये की नको? तिच्या पेटीत ते पडलंय, माझ्याच कॉम्प्युटरमधून दिसेल असं, हाताच्या अंतरावर, आणि मला ते उघडता येत नाही. महिन्यापूर्वी एका चिठ्ठीचं काम होतं. तळमळ झाली, पण नाही येत तेच बरं. निरोप कुणाबरोबर द्यायचा? कुणाबरोबरच नाही. उद्या मीच जाते.

बुध. १ सप्टेंबर
क्लास बंद ठेवून देवळालीला. एस.टी. थांब्यापासून चिखल तुडवत त्यांच्या वस्तीवर. दारात तिची आई, भाकरीच्या पिठाचे हात. संगीता मागे.
मी म्हटलं, पुण्याहून पत्र आलंय संगीताला.
आई म्हणाली, "काय लिवलंय?"
"मला माहीत नाही."
"आवं, तुमच्याच मशिनीत आलं ना? मग तुमाला म्हाईत नसतंय व्हय?"
"नाही. तिचं आहे. तीच उघडेल."
आईला ते पटलं नाही, चेष्टा करते वाटलं. पण सं. माझ्याकडे बघत होती. एवढं सरळ तिने त्या दिवसापासून पाहिलं नव्हतं. मग खळ्यातून दत्तूचा आवाज, "उद्या कांदा टाकाया श्रीरामपूरला चाललोय. तिला घिऊन जातो." आई काही बोलायला गेली, तर पुन्हा तोच, जरा मोठ्याने, "मी नेतो म्हनलं ना." पिठलं-भाकरी खाऊन निघाले.

गुरु. २ सप्टेंबर
अकराला टेम्पो दारात. दत्तू आत आला नाही. पायरीवर बसला, रस्त्याकडे तोंड करून. म्हटलं आत ये, ऊन आहे. "नगं. हितंच बरा हाय."
लाइन मी लावून दिली, मॉडेम एकदाच किंचाळला, आणि बाहेर आले. दार ओढून घेतलं. जुन्या मशीनवर बसून बडवायला लागले, ए-एस-डी-एफ-जी, कान झाकायला. पाच ओळी झाल्या, सात झाल्या. दत्तू न वळता म्हणाला, "बाई, झालं का वो?"
"ती सांगेल तेव्हा."
"आन् तिनं न्हाईच सांगितलं तर?"
"तर नाही."
मान हलवली त्याने, हळूहळू. मनगटावर अजून काही नाही, मी पाहिलं. पण आणलं त्यानेच.
मशीन थांबवून हे लिहिते आहे. आतून काहीच आवाज नाही. नको म्हणून पत्र असेल तर दोन ओळींचं असतं, एव्हाना वाचून झालं असतं. की एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचते आहे? खुर्ची सरकली. आता टकटक सुरू झाली, भराभर, तिच्या त्या बोटांची. उत्तर लिहिते आहे कुणाला तरी. काय ते मला ऐकू येईल. वही ठेवते आणि मशीन बडवायला घेते.